गाठीचे कुलशील

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनाशी, एखादी गोटीएवढी गाठ हाताला लागावी. ती दुखू नये, खुपू नये. दाढी करताना किंवा कानातले घालताना तेवढी बोटांना जाणवावी आणि वर्षानुवर्षे तशीच राहावी. आणि दुखत नाही त्या अर्थी भिण्याचे कारण नाही, असा निर्वाळा घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनीच देऊन टाकल्यामुळे ती वैद्यकाच्या दप्तरी दाखल व्हायला पाच-दहा वर्षे लागावीत, हा लाळग्रंथींच्या अर्बुदांचा नेहमीचा पूर्वेतिहास आहे. दुखणे हा धोक्याचा इशारा आणि न दुखणे हे अभयपत्र, ही आपल्याकडे रूढ असलेली समजूत या ठिकाणी पुरती फसवी ठरते, कारण येथे सौम्य गाठही बहुधा दुखत नाही आणि घातक गाठही पुष्कळ दिवस दुखत नाही.

जबलपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली स्थापन झाले. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मंडला, डिंडोरी, शिवनी, नरसिंहपूर, कटनी, दमोह या भोवतालच्या मुलखातली माणसे मोठ्या दुखण्यासाठी जबलपूरचीच वाट धरतात, आणि बालाघाटकडची मराठी बोलणारी कुटुंबे नागपूर सोयीचे की जबलपूर याचा हिशेब करून कधी तिकडे, कधी इकडे वळतात. अशा एखाद्या रुग्णाच्या कानापुढची गाठ शस्त्रक्रियेने निघाली, तुकडा तपासणीस गेला आणि काही दिवसांनी अहवाल हाती आला, की त्यात शेवटी कधी कधी एक वाक्य असते: निश्चित निदानासाठी आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींमधली प्रथिने रंगवून पाहण्याची तपासणी) करून घ्यावे. ‘डॉक्टरसाहेब, गाठ तर काढली, मग आता ही मार्करची तपासणी कशासाठी?’ असे नातेवाईक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो. उत्तर मात्र थोडे लांबणीचे आहे. कारण ज्या प्रथिनांना मार्कर किंवा निदर्शक म्हणतात, ती गाठीचे कुळ चांगले सांगतात, शील मात्र क्वचितच सांगतात, आणि हा भेद ध्यानात घेतल्यावाचून अहवालातल्या अधिक-वजा चिन्हांचा अर्थ लागत नाही.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढची पॅरोटिड ही सर्वांत मोठी. जबड्याखालची सबमँडिब्युलर मधली. जिभेखालची सब्लिंग्वल धाकटी. यांखेरीज ओठ, टाळू, गालाचे अस्तर, जिभेचे मूळ या ठिकाणी सहाशे ते हजार बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात, आणि या सर्वांची मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पॅरोटिडचे वैशिष्ट्य असे, की चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस तिच्या आरपार जाते आणि आत शिरल्यावर फांद्या फोडते. त्यामुळे या ग्रंथीतली गाठ काढताना शस्त्रवैद्याचे अर्धे अवधान गाठीवर आणि अर्धे त्या नसेवर असते. गाठ वाढत असताना चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली, डोळा मिटेनासा झाला किंवा ओठ एकीकडे ओढला गेला, तर ते घातकतेचे जवळजवळ उघड लक्षण होय. सौम्य गाठ नसेला बाजूला सारते, पण तिच्यात घुसत नाही.

ही अर्बुदे विरळ आहेत. डोके आणि मान यांतील एकूण अर्बुदांत त्यांचा वाटा सुमारे ३ ते ६ टक्के भरतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील ३५ वर्षांच्या काळातल्या २,८०७ रुग्णांची कैफियत रोनाल्ड स्पायरो या शस्त्रवैद्याने १९८६ साली प्रसिद्ध केली, तीत सुमारे ७० टक्के गाठी पॅरोटिडमधल्या, २२ टक्के बारीक ग्रंथींतल्या आणि ८ टक्के सबमँडिब्युलरमधल्या होत्या. ग्रंथी जितकी लहान तितका संशय मोठा, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे: पॅरोटिडमधल्या बहुसंख्य गाठी सौम्य निघतात, सबमँडिब्युलरमधल्या निम्म्याच्या आसपास घातक निघतात, आणि जिभेखाली उद्भवलेली गाठ घातकच असण्याचा संभव अधिक. टाळूवर मधोमध नव्हे तर एका बाजूला आलेला, वरचे अस्तर शाबूत असलेला टणक फुगवटा म्हणूनच दुर्लक्षू नये. कवळी बसवणारे दंतवैद्य तो पुष्कळदा प्रथम पाहतात.

विडीच्या व्यवसायाने जे गाव नावारूपाला आले आणि ज्याच्या भोवतालच्या जंगलातून तेंदूपत्ता देशभर जातो, त्या जबलपुरात तोंडातल्या प्रत्येक गाठीचे खापर तंबाखूवर फोडले जावे हे साहजिक आहे, आणि गालाच्या व जिभेच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या बाबतीत ते खापर योग्य जागीच फुटते. लाळग्रंथींची बहुतेक अर्बुदे मात्र तंबाखूच्या खात्यावर मांडता येत नाहीत. एकच ठळक अपवाद आहे, आणि तोही सौम्य वर्गातला: अमेरिकेतील मिशिगनच्या आल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९२९ साली ज्याचे वर्णन केले आणि ज्याला पुढे त्यांचेच नाव पडले, ते पॅरोटिडच्या शेपटाकडचे अर्बुद धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळते. तंबाखूला कधी हातही न लावलेल्या माणसाला लाळग्रंथीचा कर्करोग होऊ शकतो, हे त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपल्या समाजात रोगाबरोबर दोषारोपही घरात शिरतो.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते पाहू. लाळग्रंथीच्या नळीला मुख्यतः दोन जातींच्या पेशींचे पदर असतात. आतला पदर लाळेच्या प्रवाहाला लागून असलेल्या पेशींचा. बाहेरचा पदर मायोएपिथेलियल पेशींचा, ज्यांचे अंग अर्धे अस्तरपेशीचे आणि अर्धे स्नायूचे असते, आणि ज्या आकुंचन पावून ग्रंथीतली लाळ पुढे ढकलतात. या क्षेत्रातली सारी दुर्घटता या दोन पदरांतून निर्माण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गीकरणात सौम्य व घातक मिळून तीसहून अधिक प्रकारची लाळग्रंथी-अर्बुदे नोंदलेली आहेत, आणि त्यांतली कित्येक याच दोन पेशींच्या वेगवेगळ्या प्रमाणांतल्या आणि वेगवेगळ्या रचनांतल्या मांडण्या आहेत. सर्वांत अधिक आढळणारे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा हे सौम्य अर्बुद आणि नसेच्या कडेने सरपटत जाणारे ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे घातक अर्बुद, दोघेही आतल्या व बाहेरच्या पेशींच्या संगनमताने बनतात. सुईने काढलेल्या चिमूटभर पेशींत तर ते दोघे सख्ख्या भावंडांसारखे दिसू शकतात. म्हणून पेशींच्या तपासणीचे अहवाल लिहिण्याची जी मिलान पद्धत २०१८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ‘अर्बुद आहे, परंतु घातकतेविषयी निश्चिती नाही’ असे एक स्वतंत्र घरच ठेवावे लागले. ते घर म्हणजे पॅथॉलॉजिस्टची पळवाट आहे असे कित्येकांना वाटते. माझ्या मते ती प्रामाणिकपणाची तजवीज आहे, कारण चिमूटभर ऐवजावर खोटी खात्री देण्यापेक्षा शंका लेखी नोंदवणे रुग्णाच्या अधिक हिताचे असते.

प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाने एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना फार छळले. एकाच गाठीत एकीकडे नळ्यांसारख्या पेशी, दुसरीकडे बुळबुळीत श्लेष्मल द्रव्य, तिसरीकडे चक्क कूर्चेसारखा भाग; लाळग्रंथीत कूर्चा यावी कोठून? गर्भावस्थेतले दोन भिन्न स्तर येथे मिसळले असावेत असे मानून त्यांनी तिला मिश्र अर्बुद म्हटले. तो कूर्चेसारखा भाग परका नसून मायोएपिथेलियल पेशींनीच रूप पालटून तयार केलेला आहे, ही गोष्ट पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सुचवली, आणि पेशींमधली प्रथिने रंगवून दाखवण्याची विद्या अवगत झाल्यावर ती पक्की झाली.

त्या विद्येचा आरंभ आणि आपल्या देशातल्या संघटित कर्करोगसंशोधनाचा आरंभ, हे दोन्ही योगायोगाने एकाच वर्षीचे आहेत. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि तेथील विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची घडी वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुराही त्यांच्याकडेच आली. धोतराच्या करकचून बांधलेल्या गाठीखाली कमरेच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद जगापुढे मांडणाऱ्या या मराठी विकृतिशास्त्रज्ञाजवळ साधन एवढेच होते: तुकड्याचा पातळ काप, हिमॅटॉक्सिलिनचा निळा आणि इओसिनचा गुलाबी रंग, आणि पाहून पाहून तयार झालेली नजर. त्याच १९४१ साली हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारे द्रव्य जोडून ते पेशीपाशी पाठवण्याची कल्पना प्रत्यक्षात उतरवली. प्रतिपिंड हे शरीराने परक्या पदार्थाविरुद्ध बनवलेले प्रथिन. ते नेमक्या एकाच आकाराला चिकटते. कून्स यांची चमक पाहण्यास अंधारी खोली आणि विशिष्ट सूक्ष्मदर्शक लागे. १९६६ साली नाकाने आणि पिअर्स यांनी चमकत्या द्रव्याऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडले, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल असा रंग मिळू लागला. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची युक्ती शोधली, तिच्याबद्दल १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि मग प्रतिपिंडांच्या कुप्या जगभरच्या प्रयोगशाळांच्या शीतपेटीत जाऊन बसल्या.

एक अडचण मात्र शिल्लक होती, आणि ती आपल्याकडच्या रुग्णालयांना आजही जाचते. तुकडा कुजू नये म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी असे जखडून टाकते, की प्रतिपिंडाला चिकटण्यासाठी हवी ती जागाच झाकली जाते. १९९१ साली शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मेणात बसवलेल्या तुकड्याचे काप पाण्यात तापवले असता ही बंधने सैल होतात. तेव्हापासून या तपासणीच्या प्रयोगशाळेत मायक्रोवेव्ह किंवा प्रेशर कुकर हे अधिकृत उपकरण झाले. काम प्रत्यक्षात असे चालते: मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट एवढाच, काप मायक्रोटोमवर काढतात, तो कोमट पाण्यावर पसरवून चिकट लेप दिलेल्या काचेवर उचलतात, झायलीनने मेण उतरवतात, उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत आणतात, मग सायट्रेटच्या द्रावणात कुकरमध्ये तापवून, थंड होऊ देऊन, त्यावर ठरलेल्या प्रतिपिंडाचे थेंब सोडतात आणि ओलसर पेटीत ठेवतात. नंतर दुसरे, विकर जोडलेले प्रतिपिंड. नंतर डायअमिनोबेंझिडिन हे द्रव्य. जेथे शोधलेले प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटतो, बाकीची पेशी निळसर राहते. कोणत्या पेशीत रंग आला, केंद्रकात आला की कडेला की आतल्या द्रवात, आणि कोणत्या पेशींत तो मुळीच आला नाही, हे सारे वाचावे लागते. केंद्रकात असणारे प्रथिन द्रवात रंगलेले दिसले, तर तो रंग पुरावा म्हणून धरत नाहीत.

या कामात फसगतीच्या जागा आहेत आणि त्यांतली एक तर लाळग्रंथीचीच खासियत आहे. वॉर्थिनच्या अर्बुदातल्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मुळातच पुष्कळ असते. जुन्या पद्धतीत रंग उमटवणारी साखळी बायोटिनवरच आधारलेली असल्यामुळे, प्रथिन नसतानाही या पेशी तपकिरी होत आणि नवख्या तपासनिसाला होकार दिल्याचा भास होई. उलट बाजूची फसगत अधिक घडते: प्रथिन असूनही रंग येत नाही. यासाठी चतुर पॅथॉलॉजिस्ट गाठीबरोबर आलेल्या निरोगी ग्रंथीच्या भागाकडे आधी पाहतो. तेथल्या मायोएपिथेलियल पेशींनी रंग घेतला नसेल, तर गाठीच्या पेशींनी दिलेला नकार तो ग्राह्य धरत नाही. गावातल्या शस्त्रक्रियेनंतर तुकडा मिठाच्या पाण्यात किंवा पुरेशा फॉर्मॅलिनअभावी एखाद्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून, उन्हाळ्याच्या दिवसांत, बसच्या टपावर ठेवलेल्या सामानातून आला असेल, तर पुढची सारी महागडी प्रतिपिंडे व्यर्थ होत. तुकड्याच्या निदान दसपट आकारमानाचे फॉर्मॅलिन, रुंद तोंडाची बरणी आणि शस्त्रक्रियेनंतर ताबडतोब बुडवणे, एवढ्या तीन गोष्टींवर या तपासणीचे अर्धे यश अवलंबून असते, आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही.

कुळाचे दाखले प्रथम पाहू. आतल्या नळीपेशी सायटोकेरॅटिन-७ या प्रथिनाने ओळखू येतात. बाहेरच्या मायोएपिथेलियल पेशी स्नायूच्या ॲक्टिनने, कॅल्पोनिनने, केंद्रकातल्या पी-६३ने आणि एस-१००ने. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाच्या कूर्चेसारख्या भागातल्या पेशींत यांपैकी काही प्रथिने सापडली, तेव्हा त्या पेशी कोणाच्या वंशातल्या याचा वाद मिटला. त्याच पेशींत आणखी एक प्रथिन पुष्कळदा सापडते, जीएफएपी नावाचे, जे एरवी मेंदूतल्या आधारपेशींचे म्हणून प्रसिद्ध आहे. गालातल्या ग्रंथीने मेंदूचे प्रथिन का बनवावे याचा उलगडा सोपा नाही, पण त्याचा उपयोग मात्र रोजचा आहे: टाळूवरच्या छोट्या तुकड्यात सौम्य प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा आणि घातक पॉलिमॉर्फस ॲडिनोकार्सिनोमा यांच्यात संभ्रम पडला, तर ठळक जीएफएपी पहिल्याच्या बाजूने कौल देते. तसेच पी-६३ आणि त्याचा धाकटा अवतार पी-४० यांची जोडी: पॉलिमॉर्फस ॲडिनोकार्सिनोमात पहिले असते आणि दुसरे बहुधा नसते, ॲडिनॉइड सिस्टिकमध्ये दोन्ही बाहेरच्या पदरात एकत्र दिसतात. एकट्या पी-६३ने जे सांगता आले नसते, ते त्याच्या जोडीदाराच्या अनुपस्थितीने सांगितले जाते.

एवढे कळूनही शीलाचा प्रश्न अनिर्णीतच राहतो, कारण सौम्य आणि घातक दोन्ही गाठी त्याच दोन कुळांतून उपजलेल्या. शीलासाठी म्हणून जी प्रथिने पुढे आली, त्यांतले सर्वांत परिचित केआय-६७. योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली कील या जर्मन शहरात ते प्रसिद्ध केले, आणि नावातली पहिली दोन अक्षरे त्या शहराचीच आहेत. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीच्या केंद्रकात ते असते, स्वस्थ बसलेल्या पेशीत नसते. शंभर पेशींपैकी किती तपकिरी झाल्या हे मोजले की वाढीचा वेग कळतो. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात हे प्रमाण सामान्यतः अल्प, ॲडिनॉइड सिस्टिकमध्ये वाढलेले, आणि लाळनलिकेच्या उग्र कार्सिनोमात त्याहून चढे. पी-५३ हे दुसरे: बिघडलेल्या रूपात ते केंद्रकात साचते आणि जुन्या सौम्य गाठीत घातक रूपांतर सुरू झाल्याचा संशय बळकट करते. म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमात श्लेष्मल प्रथिनांची जोडी उपयोगी पडते. एमयूसी-१ भरपूर असणे हे उग्रतेकडे झुकते, तर एमयूसी-४ भरपूर असणे सौम्यतर वर्तनाशी आढळते. हे सारे कल आहेत. यांतल्या कोणत्याही आकड्याच्या एका बाजूला सौम्य आणि दुसऱ्या बाजूला घातक अशी रेषा मारता येत नाही, आणि तशी मारून देणाऱ्या अहवालावर मी तरी विसंबणार नाही. गाठीने आपले वेष्टन ओलांडून भोवतालच्या चरबीत, नसेत, रक्तवाहिनीत प्रवेश केला आहे की नाही, हा प्रश्न अद्यापि मुख्य आहे आणि तो साध्या निळ्या-गुलाबी काचेवरच सुटतो. म्हणून गाठीच्या कडेचे पुरेसे तुकडे न घेता केवळ मध्यभागावर दहा मार्कर लावणे हा पैशाचा अपव्यय होय.

गेल्या तीस वर्षांत या शोधाला एक नवे वळण मिळाले. कुळ सांगणारी प्रथिने सोडून, गाठ ज्या जनुकीय अपघातातून जन्मते त्या अपघाताचीच प्रथिनरूपी खूण शोधावी, असे ते वळण. १९९७ साली बेल्जियम आणि स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले, की पुष्कळ प्लिओमॉर्फिक ॲडिनोमांत आठव्या गुणसूत्रावरचे प्लॅग-१ हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका सदैव जागृत जनुकाच्या अंमलाखाली जाते. गर्भावस्थेत काम आटोपून प्रौढ ग्रंथीत निद्रिस्त झालेले प्लॅग-१ प्रथिन त्यामुळे पुन्हा मुबलक बनू लागते आणि केंद्रकात तपकिरी दिसते. २००९ साली ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांची तुकडेबदल होऊन एमवायबी आणि एनएफआयबी ही जनुके जोडली जातात असे सिद्ध झाले, आणि एमवायबी प्रथिनाचा रंग बहुतेक, सर्व नव्हे, अशा गाठींत मिळू लागला. २०१९ साली ॲसिनिक सेल कार्सिनोमात एनआर-४-ए-३ची खूण सापडली.

सर्वांत उद्बोधक कथा २०१० सालची. चेकियातील प्लझेन येथील अलेना स्कालोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲसिनिक सेल म्हणून नोंदल्या जाणाऱ्या अशा काही गाठी निवडल्या, ज्यांचे रूप त्या नावाशी नीट जुळत नव्हते पण स्तनाच्या एका विरळ कर्करोगाशी हुबेहूब जुळत होते. त्यांत एस-१०० आणि स्तनातल्या ग्रंथींचे म्हणून ओळखले जाणारे मॅमाग्लोबिन ही दोन्ही प्रथिने ठळक निघाली, आणि जनुके तपासता स्तनाच्या त्या कर्करोगात असते तीच ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ यांची जोडणी आढळली. आज त्या गाठीला सिक्रेटरी कार्सिनोमा म्हणतात. त्यानंतर देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी जुने मेणाचे ब्लॉक कपाटातून काढून नव्याने रंगवले आणि आपल्या दप्तरातल्या कित्येक नोंदी दुरुस्त केल्या.

तथापि याही वळणावर कुल आणि शील यांचा भेद सुटलेला नाही. प्लॅग-१ सौम्य प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात असते, तसेच त्यातून पुढे उपजलेल्या कर्करोगातही असते. ते एवढेच सांगते की हा कर्करोग एका जुन्या सौम्य गाठीचा वारस आहे. आणि असे वारस निघतात. गाठ पाच वर्षांच्या आतली असताना घातक रूपांतराचे प्रमाण सुमारे दीड टक्का, पंधरा वर्षे उलटल्यावर सुमारे साडेनऊ टक्के, असा या विषयाच्या ग्रंथांत वारंवार दिला जाणारा हिशेब आहे. आरंभी सांगितलेली, दुखत नाही म्हणून ठेवून दिलेली गाठ सौम्य असली तरी का काढावी, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. आणि ती काढताना नुसती सोलून न काढता भोवतालच्या ग्रंथीच्या पदरासह का काढावी, याचे कारण तिच्या वेष्टनाला असलेल्या बारीक अंकुरांत आहे, जे मागे राहिले तर गाठ अनेक ठिकाणी पुन्हा उगवते.

कर्करोगाच्या पेशीवर एखादे प्रथिन ठळक दिसले म्हणजे त्यावर औषध चालेलच, असेही नाही. ॲडिनॉइड सिस्टिकच्या आतल्या पेशींत सीडी-११७ भरपूर असते, आणि त्याच प्रथिनावर काम करणारे इमॅटिनिब रक्ताच्या व जठराच्या विशिष्ट कर्करोगांत चमत्कारासारखे ठरलेले होते. म्हणून ते येथेही मोठ्या आशेने देऊन पाहिले गेले, पण लाभ झाला नाही. प्रथिन हजर होते, परंतु रोगाचा कारभार त्याच्या हाती नव्हता. लाळनलिकेच्या कार्सिनोमात याच्या उलट घडले. हा प्रामुख्याने उतारवयातल्या पुरुषांना होणारा अतिशय उग्र कर्करोग. याच्या बहुसंख्य गाठींच्या केंद्रकांत पुरुषसंप्रेरकाचा ग्राहक असतो आणि काहींच्या पेशीकडेवर एचईआर-२ ठळक असते. पहिल्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगाची संप्रेरकरोधक औषधे, दुसऱ्यावर स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब, अशी दोन दारे या रुग्णांना उघडली. सिक्रेटरी कार्सिनोमात एनटीआरकेची जोडणी असल्यामुळे त्यावर लॅरोट्रेक्टिनिब चालते. ते औषध अमेरिकेत २०१८ साली अवयवाचे नाव न पाहता केवळ या जोडणीवरून मंजूर झाले. म्हणजे आयएचसीचा जो खर्च नातेवाइकांना केवळ नाव ठरवण्यासाठीचा वाटतो, त्यातून कधी कधी उपचाराची दिशाच ठरते.

म्हणूनच मार्कर किती लावावेत यापेक्षा कोणते आणि कोणत्या शंकेसाठी लावावेत, हा प्रश्न महत्त्वाचा. साध्या काचेवर प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा निःसंशय दिसत असेल, तर एकही लागत नाही. टाळूवरच्या छोट्या तुकड्यात तीन किंवा चार नेमके पुरतात. वीस प्रतिपिंडांची यादी एकदम लावून जुळेल ते नाव काढण्याची रीत श्रीमंत देशांतही निंद्य मानावी अशी आहे. डिंडोरीहून मजुरी बुडवून आलेल्या माणसाच्या बाबतीत ती अन्यायाची होय.

जबलपूरला शंका न फिटल्यास ब्लॉक नागपूरला किंवा मुंबईला पाठवण्याचा सल्ला मिळतो, आणि १८७० साली जबलपुरात मुंबईकडचा व अलाहाबादकडचा लोहमार्ग जोडला गेल्यापासून जी वाट सरळ झाली, तिनेच हा बोटाच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा नातेवाइकांच्या पिशवीतून प्रवास करतो. तो प्रयोगशाळेकडे अर्ज देऊन, नोंदवहीत सही करून मागून घ्यावा लागतो. सोबत मूळ काच, मूळ अहवालाची नक्कल आणि शस्त्रवैद्याने लिहिलेली शस्त्रक्रियेची टिपणी असावी, कारण गाठ नसेला चिकटली होती की सुटी होती हे तिकडच्या पॅथॉलॉजिस्टला ठोकळ्यावरून कळत नाही. ठोकळा उन्हात, बसच्या काचेशी किंवा इंजिनाजवळ ठेवू नये. मेण वितळून तुकडा हलतो. तपासणी झाल्यावर तो परत मागून जपून ठेवावा. नीट फॉर्मॅलिनमध्ये बसवलेल्या तुकड्यातली पुष्कळशी प्रथिने दहा-वीस वर्षांनीही प्रतिपिंडाला ओळख देतात, आणि ॲडिनॉइड सिस्टिकसारखा रोग दहा-पंधरा वर्षांनी फुफ्फुसात उलटतो, तेव्हा नवी गाठ जुन्याच कुळातली की दुसरी, हे त्या जुन्या ठोकळ्याशी ताडूनच ठरवले जाते.